वयवार मंडळे आणि धर्मग्राम : एक चिकित्सा

धर्मग्रामाच्या वार्षिक अहवालाकडे साहित्यकृती म्हणून पाहण्याची आपल्याकडे प्रथा नाही. सणाच्या दिवशी तो वाटला जातो, जमाखर्चाच्या पानावरून नजर फिरवली जाते, आपल्या मुलाचे वा सुनेचे छायाचित्र त्यात आले आहे की नाही हे पाहिले जाते आणि मग तो कपाटाच्या माथ्यावर जाऊन पडतो. तथापि कोणताही लिखित मजकूर लिहिणाऱ्याच्या मनातील माणसाचे चित्र नकळत उघड करीत असतो. या दृष्टीने त्या अहवालाची अनुक्रमणिका पुन्हा एकदा वाचावी, असे आम्ही वाचकांस सुचवू. बालकांचा धर्मशिक्षण वर्ग, वेदीसेवक, प्रथम कम्युनियनचा वर्ग, दृढीकरणाचा वर्ग, युवा मंडळ, विवाहपूर्व मार्गदर्शन, महिला मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ, आजाऱ्यांच्या भेटी. पाळण्यापासून कबरीपर्यंतचा सारा माणूस या यादीत आलेला दिसतो. प्रत्येक वयाला एक खोली, एक वार, एक वेळ आणि एक अध्यक्ष मिळालेला आहे.

या यादीमागे अनेकांचे अनेक वर्षांचे कष्ट आहेत आणि त्यांचे मोल आम्ही जाणतो. आमचा प्रश्न वेगळा आहे. या खोल्यांना एकमेकींत उघडणारी दारे आहेत काय? ख्रिस्तसभेच्या ज्या संस्कारांतून आणि ज्या शिकवणुकीतून ही मंडळे जन्मास आली, तिच्यात वयावयांतील भेद जितका मानला आहे, तितकाच वयावयांचा परस्परसंबंधही मानला आहे. व्यवहारात मात्र भेद तेवढा उतरला आणि संबंध ग्रंथांतच राहिला, असे आमचे मत झाले आहे. ते मत सप्रमाण मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम भेदाची बाजू पाहू, कारण ती क्षुल्लक नाही. सन १२१५च्या चौथ्या लॅटरन परिषदेने विवेकाचे वय आलेल्या प्रत्येक ख्रिस्ती माणसाने वर्षातून एकदा तरी, पुनरुत्थानकाळी, ख्रिस्तशरीर स्वीकारावे असा नियम केला. परंतु विवेकाचे वय कोणते, याविषयी पुढील शतकांत कडकपणा वाढत गेला आणि अनेक देशांत मुलांना दहा, बारा, कोठे चौदा वर्षांपर्यंत वेदीपासून दूर थांबावे लागले. ८ ऑगस्ट १९१० रोजी पोप दहावे पायस यांच्या कारकिर्दीत ‘क्वाम सिंगुलारी’ हा आदेश निघाला आणि सुमारे सातव्या वर्षी, साधी भाकर व ख्रिस्तप्रसाद यांतील फरक मुलास कळू लागताच, त्याला हा संस्कार मिळावा असे ठरले. मुलाला मुलाच्या कुवतीने विश्वास ठेवू द्यावा, पंडिताची परीक्षा त्याच्याकडून घेऊ नये, हा त्यामागील विचार. वयाचा असा विचार करणे ही दयेचीच एक रीत होय. त्याच आदेशात मुलाची तयारी ठरविण्याचे काम त्याच्या पित्यावर व पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूवर सोपविले आहे, हेही येथेच नोंदवून ठेवू. मूल वेदीपाशी येते ते कोणाचा तरी हात धरून.

वयानुरूप भाषा शोधणे आपल्या मातीतही नवे नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ जाणत्या श्रोत्यांसाठी होता. पुराणश्रवणाची ज्यांना सवय होती, त्या नवख्रिस्ती प्रौढांची भूक त्याने भागवली. लहानांसाठी त्यांनीच कोंकणीत ‘दौत्रिन क्रिस्तां’ रचले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १६२२ साली, प्रसिद्ध झाले. तेथे ओवी नाही, लांब कथानक नाही. लहान लहान प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरे आहेत. एकाच लेखकाने दोन वयांसाठी दोन भाषा व दोन रूपे योजिली. परंतु ‘ख्रिस्तपुराण’ देवळात गायिले जाई तेव्हा ते कानी पडे ते सर्वांच्याच. ग्रंथ वयानुरूप असला तरी श्रोतृवर्ग एकत्र होता. रूप वेगळे आणि बैठक एक, हा मेळ आज आपल्याला साधत नाही.

आता आपल्या धर्मग्रामांत रुजलेल्या दोन संस्थांच्या जन्मकथा पाहू. सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटीचे नाव काढले की आपल्या डोळ्यांसमोर निवृत्त झालेले, पिकल्या केसांचे सद्गृहस्थ येतात. ही संस्था २३ एप्रिल १८३३ रोजी पॅरिसमध्ये सुरू झाली. तिच्या संस्थापकांतील अग्रणी फ्रेडरिक ओझानाम यांचा तो विसावा वाढदिवस होता. सोबतचे बहुतेक विद्यार्थीच होते. मात्र त्यांच्या बैठकीचे अध्यक्ष झाले ते एमान्युएल बेली, वय चाळिशीच्या आसपास, पत्रकार. आणि गरिबांच्या घराचा दरवाजा कसा ठोठवावा, आत गेल्यावर काय बोलावे, काय बोलू नये, हे त्या मुलांना शिकविले सिस्टर रोझाली रांदू यांनी. त्या तेव्हा सेहेचाळीस वर्षांच्या होत्या आणि पॅरिसच्या दरिद्री वस्तीत त्यांची कित्येक वर्षे गेली होती. विशीतील उत्साह, चाळिशीतील व्यवहारज्ञान आणि त्याहून जुना अनुभव, अशा तीन वयांची गाठ पडली तेव्हा ती संस्था उभी राहिली. २२ ऑगस्ट १९९७ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी ओझानाम यांना धन्य घोषित केले, तेही पॅरिसमध्येच, जागतिक युवा दिनाच्या सोहळ्यात. युवकांच्या मेळाव्यात युवक म्हणून त्यांचा गौरव झाला. आपल्या युवा मंडळांतील किती जणांना ती संस्था आपल्यापैकीच एकाने काढली हे ठाऊक असेल?

लिजन ऑफ मेरीची गोष्टही याहून निराळी नाही. ७ सप्टेंबर १९२१ रोजी डब्लिनमध्ये तिची पहिली बैठक झाली, तेव्हा फ्रँक डफ बत्तीस वर्षांचे होते आणि जमलेल्यांत बहुतेक तरुण मुली होत्या. आज अनेक ठिकाणी तीच संस्था ‘आजीबाईंची’ म्हणून ओळखली जाते. आमच्या मते हा केवळ आवडीनिवडीचा बदल नव्हे. जेव्हा प्रत्येक पिढीसाठी वेगळे मंडळ काढले जाते, तेव्हा जुने मंडळ आपल्या सभासदांबरोबर म्हातारे होत जाते. त्याचे काम पुढच्या हातांत देण्याची रीतच उरत नाही. मग पंचवीस वर्षांनी अध्यक्ष खेदाने म्हणतात की तरुण येत नाहीत, आणि तरुण म्हणतात की आम्हांला कोणी बोलावलेच नाही. दोघेही खरे बोलत असतात.

यावर कोणी म्हणेल की संस्था माणसांनी काढलेल्या असतात, त्या वाढतात व संपतात; संस्कार तर टिकून आहेत. ठीक आहे, संस्कारांकडेच वळू. संस्कारविधीचे ग्रंथ हे आमच्या मते आयुष्याच्या अवस्थांवर लिहिलेले ख्रिस्तसभेचे सर्वांत प्रौढ वाङ्मय आहे. त्यांत एकही अवस्था एकटी येत नाही. स्नानसंस्कारात बालकाशेजारी आईवडील आणि धर्ममाता-धर्मपिता उभे असतात. १९८३च्या कायदेसंहितेने धर्मपित्याचे वय सोळा पूर्ण असावे, तो स्वतः दृढीकरण झालेला व विश्वासास शोभेल असे जीवन जगणारा असावा, अशी अट घातली आहे. पुढे दृढीकरणाच्या प्रकरणात, ८९३व्या कलमात, एक लहानसे वाक्य येते. त्याचा आशय असा की स्नानसंस्काराच्या वेळी जी व्यक्ती उभी होती, तीच दृढीकरणाच्या वेळीही उभी राहावी हे इष्ट. या वाक्यापाशी वाचकाने थोडे थांबावे. पाळण्यातील बाळ आणि मिशी फुटू लागलेला मुलगा या दोन अवस्थांना जोडणारा माणूस ख्रिस्तसभेने कायद्यानेच सुचवून ठेवला आहे.

प्रत्यक्षात काय दिसते? धर्मपिता निवडला जातो तो नाते राखण्यासाठी. तो सोन्याची साखळी देतो, छायाचित्रात उभा राहतो, जेवणाच्या पंगतीत त्याचा मान होतो. मग तो आखातात वा कॅनडात निघून जातो. दृढीकरणाच्या वेळी ऐनवेळी दुसरा कोणीतरी शोधला जातो. कधी वर्गातल्याच मित्राचा मोठा भाऊ. विधी पार पडतो. मात्र मुलाच्या आयुष्यात विश्वासाविषयी ज्याला मोकळेपणी विचारावे असा, आईबाप नसलेला आणि धर्मगुरूही नसलेला एक मोठा माणूस असावा, ही त्या विधीतील खोल कल्पना हरवते. दृढीकरणानंतर मुले देवळातून दिसेनाशी होतात, अशी तक्रार आम्ही पालकांच्या प्रत्येक सभेत ऐकतो. ती मुले जिथे थांबली असती तो खांदाच तेथे नसतो, हे त्या तक्रारीत सहसा येत नाही.

आजाऱ्यांच्या अभ्यंगाचेही तसेच. ‘शेवटचे तेल’ हा शब्द अजून घराघरांत भीतीने उच्चारला जातो. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीच्या संविधानात स्पष्ट केले की हा संस्कार केवळ मरणाच्या दारी असलेल्यांचा नव्हे. आजाराने वा वार्धक्याने जीव धोक्यात येऊ लागला की तो घेण्याची वेळ झालीच. १९७२च्या नव्या विधीने हेच अंगीकारले. याकोबाच्या पत्रात आजाऱ्याने मंडळीच्या वडीलजनांना बोलावून घ्यावे असे सांगितले आहे. म्हणजे तेथेही घर भरलेले आहे, माणसे जमलेली आहेत. आपल्याकडे नातवंडांना शेजारच्या खोलीत पाठवून दार लोटून घेतले जाते. मुलाला आजारपणाची व मरणाची ख्रिस्ती भाषा मग शिकवणार कोण? धर्मशिक्षणाच्या पुस्तकातील धडा ते काम करू शकत नाही.

परिषदेनंतरच्या शिकवणुकीचे वाचन केले तरी हाच धागा सापडतो. प्रापंचिकांच्या प्रेषितकार्यावरील आज्ञापत्र १८ नोव्हेंबर १९६५ रोजी निघाले. त्याच्या बाराव्या परिच्छेदात युवकांनीच युवकांचे पहिले प्रेषित व्हावे, असे म्हटले आहे. युवा मंडळांच्या कार्यक्रमांतून याचा उल्लेख पुष्कळदा होतो. परंतु तोच परिच्छेद पुढे मोठ्यांना सांगतो की त्यांनी तरुणांशी मित्रत्वाने संवाद साधावा, वयाचे अंतर ओलांडून एकमेकांस ओळखावे आणि आपापली संपत्ती एकमेकांस द्यावी. शेवटी लहान मुलांनाही त्यांचे स्वतःचे प्रेषितकार्य आहे असे तो मान्य करतो. एका परिच्छेदात तीन वये आहेत. आपण उद्धृत करतो ते बहुधा एकच.

पोप दुसरे जॉन पॉल यांच्या कुटुंबावरील १९८१च्या प्रबोधनपत्रात विवाहाच्या तयारीचे तीन टप्पे सांगितले आहेत आणि त्यांतील पहिला, दूरचा टप्पा थेट बालपणापासून सुरू होतो. याच पत्रात वृद्धांचे कुटुंबातील स्थान स्वतंत्रपणे सांगितले आहे आणि शेवटाकडे, ज्यांना कुटुंबच नाही त्यांच्यासाठी ख्रिस्तसभाच घर असावे, असा आग्रह आहे. २०१६च्या ‘आमोरिस लेतिसिया’त दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी लग्नानंतरची पहिली वर्षे कळीची मानली आणि मुरलेल्या जोडप्यांनी नवख्यांना सोबत करावी असे सुचविले. आपल्याकडील विवाहपूर्व वर्ग लग्नाच्या दिवशी संपतो. त्यानंतर त्या जोडप्याची व धर्मग्रामाची पुढची भेट होते ती बाळाच्या स्नानसंस्काराचा अर्ज भरताना. ज्यांना बाळ होत नाही त्यांची भेट होतच नाही.

युवकांवरील ‘क्रिस्तुस विवित’ हे २५ मार्च २०१९चे पत्र या विषयावरील अलीकडचे सर्वांत वाचनीय लेखन आहे. त्याच्या सहाव्या प्रकरणात मुळांची प्रतिमा घेऊन तरुण व वृद्ध यांच्या नात्याविषयी जे लिहिले आहे, ते प्रत्येक घरात वाचले जावे. तथापि समीक्षक म्हणून आम्हांस एक उणीव दिसते. पुढच्या, सातव्या प्रकरणात युवाकार्याची प्रत्यक्ष मांडणी येते. तेथे मोठ्यांनी सोबत कशी करावी याची चर्चा आहे, पण सहाव्या प्रकरणातील आजी-आजोबांना त्या मांडणीत निश्चित असे काम मिळालेले नाही. कल्पनेच्या पातळीवर जे जुळले, ते योजनेच्या पातळीवर सुटले. अहवाल लिहिणारे आम्ही धर्मगुरू पत्राचे सातवे प्रकरण हाती घेतो, सहावे प्रवचनासाठी राखून ठेवतो. फ्रान्सिस यांनीच सुरू केलेला आजी-आजोबांचा व वृद्धांचा जागतिक दिन २५ जुलै २०२१ रोजी प्रथम साजरा झाला आणि आता दरवर्षी जुलैच्या चौथ्या रविवारी येतो. त्या दिवशी वृद्धांना फुले द्यावीत, अल्पोपाहार द्यावा, गाणी म्हणावीत हे छानच आहे. पण त्या दिवशी वृद्धांकडून काही मागितले जाते काय? ज्याच्याकडून कोणी काही मागत नाही, त्याला आपण संपलो असेच वाटत राहते.

आता एका रविवारची घडण पाहू. वसईच्या कोणत्याही मोठ्या धर्मग्रामात ही परिचयाची आहे. वडील पहाटेची मिस्सा करतात, कारण त्यांना नंतर वाडीत पाणी लावायचे असते किंवा रविवारचीही पाळी गाठायला लोकल पकडायची असते. मुले बालमिस्सेला जातात व तिथूनच वर्गात. आई उरलेल्या मिस्सेला. तरुण मुलगी गायनवृंदात असल्याने संध्याकाळी. आजीला महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी घरी ख्रिस्तप्रसाद मिळतो. घरातील पाचही जणांची धार्मिक गरज भागली आहे, कोणाचीही तक्रार नाही. मात्र ही पाच माणसे एका बाकावर एकत्र बसलेली नाहीत, आणि मुलाने आपल्या बापाला गुडघे टेकलेले पाहिलेले नाही. त्या दृश्याची भरपाई कोणत्याही वर्गात होत नाही.

शिवाय यादीत न बसणारी माणसे असतातच. पस्तिशी ओलांडलेली अविवाहित शिक्षिका युवा मंडळात शोभत नाही, महिला मंडळात सुनांच्या गोष्टी ऐकून अवघडते. पत्नी वारलेला पन्नाशीचा माणूस कुठल्याच खोलीत जात नाही. त्याचे दुःख वयाने मोजता येत नाही. मुले परदेशी गेलेली साठीची जोडपी अजून ज्येष्ठ नागरिक म्हणवून घ्यायला तयार नसतात. वय हे एकच मोजमाप धरले की अशी माणसे दोन खोल्यांमधील भिंतीत अडकतात.

आमच्या या म्हणण्यास एक सबळ आक्षेप आहे आणि तो आम्ही टाळणार नाही. पंधरा वर्षांचा मुलगा काकांच्या देखत मनातले बोलत नाही. विधवा स्त्रीला तिच्यासारख्याच स्त्रीपाशी रडायला जागा लागते. जोसेफ कार्डिन यांनी १९२५ साली बेल्जियममध्ये कामकरी युवकांची चळवळ उभी केली, तिचे बळ कामगाराने कामगारापाशी जाण्यातच होते. समवयस्कांचा आधार खरा आहे. म्हणून मंडळे बंद करावीत असे आम्ही म्हणत नाही. खोली हवीच. फक्त ती राहण्याची जागा झाली, तिच्यातून बाहेर पडून बैठकीत येणे थांबले, म्हणजे घराचे वसतिगृह होते.

पवित्र शास्त्राला हे ठाऊक होते. बालक शमुवेलाला रात्री हाक ऐकू आली, पण ती कोणाची हे त्याला कळले नाही. एलीची नजर अधू झाली होती आणि ती हाक त्याला आलीच नाही. परंतु ती कोणाची हे ओळखले त्याने. एकाकडे कान होता, दुसऱ्याकडे ओळख. दोघे दोन वेगळ्या मंडळांत असते तर ती हाक वाया गेली असती. लूकच्या शुभवर्तमानात येशूबालाला मंदिरात आणले जाते, तेव्हा तरुण आईबाप, वृद्ध शिमोन आणि चौऱ्याऐंशी वर्षांची विधवा हन्ना एकाच जागी येतात. बाळ कोण आहे हे त्या तरुण आईला आणखी उलगडून सांगतात ते हे दोघे वृद्ध.

मग करावे काय? फार मोठ्या योजनेची गरज आम्हांस वाटत नाही. स्नानसंस्काराच्या नोंदवहीत प्रत्येक मुलाच्या धर्ममाता-धर्मपित्याचे नाव लिहिलेले असते. दृढीकरणाचा वर्ग सुरू होताना ती वही उघडावी आणि त्यांना पत्र पाठवावे. परदेशी असतील तर त्यांनी मुलाशी फोनवरून बोलावे. विन्सेंट डी पॉलच्या घरभेटींना एका ज्येष्ठाबरोबर एक तरुण सभासद जावा. ओझानाम असेच शिकले. पहिल्या शुक्रवारी घरी ख्रिस्तप्रसाद नेताना, पालकांच्या संमतीने व शिक्षिकेच्या सोबतीने, प्रथम कम्युनियनच्या वर्गातील दोन मुले यावीत आणि आजीला तिच्या पहिल्या कम्युनियनविषयी विचारावे. त्या मुलांची नावे तिच्यापाशी ठेवावीत, तिने त्यांच्यासाठी प्रार्थना करावी. हे तिचे काम आहे, तिची करमणूक नव्हे. नवविवाहितांना पहिले वर्षभर एका जुन्या जोडप्याच्या घरी चहाला बोलावणे असावे. मे महिन्यात गावच्या क्रुसापाशी होणारी प्रार्थना ही आपल्याकडील जुनी, सर्व वयांची बैठक आहे; तिला दहा मिनिटे अधिक मिळाली तरी पुष्कळ होईल. आणि महिन्यातील एक रविवार तरी घरातील सर्वांनी एकच मिस्सा निवडावी.

या लेखाच्या वाचकांपैकी बहुतेकजण कोणाचे तरी धर्मपिता वा धर्ममाता असतील. ते मूल आज कितव्या इयत्तेत आहे, त्याचे दृढीकरण झाले की व्हायचे आहे, त्याला सध्या कशाची भीती वाटते, एवढे आठवून पाहावे. आठवत नसेल तर आज संध्याकाळी त्याच्या घरी जावे.